ग्लो इंजिनच्या विमानात फ्युएल टँकची ट्यूब कुठली घ्यायची आणि कशी बसवायची

रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानात नवीन मंडळींचं इंजिन हवेत बंद पडलं की पहिला हात जातो नीडलवर (फ्युएल कमी-जास्त करायचा स्क्रू). दोन क्लिक उघड, एक क्लिक बंद कर, ग्लो प्लग (ज्याच्या तापलेल्या तारेने फ्युएल पेटतं तो) बदल, फ्युएलवाल्याला शिव्या दे, असं करत अख्खी सकाळ जाते, आणि दोष बऱ्याचदा निघतो टँकच्या आतल्या वीतभर ट्यूबमध्ये, जी कोणी उघडून बघितलेलीच नसते. विमान एआरएफ (जवळजवळ तयार जोडलेलं मिळणारं) घेतलं असेल तर टँक कारखान्यातून जोडलेला येतो म्हणून तो बरोबरच असणार असं धरून चालू नका, उघडा आणि स्वतः परत जोडा, एका संध्याकाळचं काम आहे.

मी इथे धरून चाललोय की तुमच्याकडे साधं ट्रेनर म्हणजे शिकायचं विमान आहे, ४६ साइझचं ग्लो इंजिन म्हणजे साधारण साडेसात सीसी, आणि ३०० मिलीच्या आसपासचा प्लास्टिकचा टँक. बहुतेकांची सुरुवात यानेच होते. पेट्रोलवाल्यांसाठी खाली वेगळं लिहिलंय, पण तुम्ही पण सगळं वाचा कारण जोडणी ९० टक्के तीच.

आधी फ्युएल, मग ट्यूब

दुकानात जाऊन नुसतं "फ्युएल ट्यूब द्या" म्हटलं तर जी हाताला लागेल ती मिळेल. ग्लो फ्युएल म्हणजे मिथेनॉल, त्यात तेल (एरंडेल नाहीतर सिंथेटिक, नाहीतर दोन्ही मिसळून) आणि थोडं नायट्रोमिथेन. याला सिलिकॉनची ट्यूब चालते, मस्त चालते, मऊ राहते, पितळी नळीला घट्ट धरते, सायलेन्सरजवळची गरमी पण बऱ्यापैकी सहन करते. तीच सिलिकॉन ट्यूब पेट्रोलला लावली की फुगते, लिबलिबीत होते आणि एक दिवस निपलवरून (ट्यूब चढवायच्या टोकावरून) आपोआप सुटून येते. पेट्रोलला पिवळी टायगॉन किंवा काळी व्हायटॉन. आणि कंट्रोल लाइनवाल्या (तारांना धरून विमान गोल फिरवणाऱ्या) जुन्या लोकांकडचं मॉडेल डिझेल इंजिन असेल, ज्यात ईथर, रॉकेल आणि एरंडेल तेल जातं, तर तिथेही सिलिकॉन नको, निओप्रीन घ्या. उलटं पण लक्षात ठेवा, पेट्रोलची पिवळी ट्यूब ग्लोला लावली तर ती काही दिवसांत कडक होते, आणि टँकच्या आत कडक ट्यूब म्हणजे काय होतं ते पुढे येईलच.

रंगावर जाऊ नका. सिलिकॉन ट्यूब निळी, गुलाबी, पारदर्शक, हिरवी कशीही येते, रंगाचा आणि मालाचा काही संबंध नाही.

आता आपल्याकडचा जुगाड. फिश टँकच्या एअर पंपाची ट्यूब आणि मेडिकलमधल्या सलाइनच्या सेटची ट्यूब, या दोन गोष्टी प्रत्येक नवीन माणसाच्या डोक्यात येतातच कारण गल्लीत मिळतात. सलाइनची ट्यूब सहसा पीव्हीसी असते, एअर पंपाची पण बऱ्याचदा पीव्हीसीच. मिथेनॉल पीव्हीसीतला मऊपणा ओढून घेतं आणि ट्यूब काडीसारखी कडक होते, शिवाय एअर पंपाची ट्यूब आतून बहुधा ४ मिमीची, आपल्या नळीवर ती ढिली बसते. फिश टँकच्या दुकानात कधीकधी खरी सिलिकॉन ट्यूब पण मिळते, ती बिनधास्त वापरा, फक्त आतला व्यास जुळला पाहिजे.

पीव्हीसी की सिलिकॉन हे ओळखायला एक जुनी युक्ती आहे. छोटासा तुकडा चिमट्यात धरून उघड्यावर, फ्युएलपासून लांब, जाळून बघा. सिलिकॉनची पांढरी राख राहते, पीव्हीसी काळा धूर सोडते आणि नाकाला झोंबणारा वास येतो (तो वास हुंगत बसू नका, चांगला नसतो). त्याहून भरवशाची पद्धत म्हणजे दोन इंचाचा तुकडा काचेच्या झाकणवाल्या बाटलीत, तुम्ही जे फ्युएल वापरणार त्यातच, एक-दोन दिवस बुडवून ठेवा आणि मग न भिजवलेल्या तुकड्याशेजारी ठेवून बघा. लांबी वाढली, फुगला, कडक झाला, चिकट झाला, काहीही फरक जाणवला तर ती ट्यूब घ्यायची नाही. बाटलीवर मोठ्या अक्षरात "विष" लिहा आणि पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

आणि विषाचा विषय निघालाच आहे तर इथेच सांगून टाकतो: ट्यूब तोंडात धरून फ्युएल ओढायचं नाही. मिथेनॉल थोडंसं पोटात गेलं तरी डोळे जाऊ शकतात, जीव जाऊ शकतो. मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणा, सगळी ओढाओढ त्याने करा. मिथेनॉल पेटलं तर दिवसाउजेडी ज्वाळा दिसतच नाही जवळजवळ, त्यामुळे फ्युएल उघडं असेल तिथे सिगरेट वगैरे अजिबात नाही.

साइझ

ट्रेनरच्या टँकसोबत ज्या धातूच्या नळ्या येतात त्या बाहेरून बहुतेक १/८ इंच म्हणजे ३.२ मिमी असतात. त्यावर आतून साधारण २.५ मिमी असलेली ट्यूब घ्यायची, दुकानात हिलाच मीडियम म्हणतात. छोट्या इंजिनांना २ मिमीवाली, आणि मोठ्या इंजिनांना ३ मिमी किंवा जास्त. ४६ साइझचं इंजिन फुल थ्रॉटलला मिनिटाला साधारण २५-३० मिली पितं, मीडियम ट्यूबमधून तेवढं आरामात जातं, "जाड ट्यूब लावली की जास्त पॉवर" असलं काही नसतं.

घ्यायच्या आधी दुकानातच नळीचा तुकडा नेऊन लावून बघा. थोडा जोर लावून, गोल फिरवत चढली पाहिजे. सरकन गेली तर ढिली. आणि दोन बोटांत धरून वाकवून बघा, जाड भिंतीची ट्यूब वळणावर गोल राहते, पातळ भिंतीची लगेच चेमटते आणि बंद होते. मीटरभर घ्या, सगळी लागणार नाही पण उरलेली लागतेच.

टँकची जोडणी

टँक उघडलात की हातात येतं ते असं: बाटली, रबरी स्टॉपर, त्याच्या पुढची-मागची चकती, मधला स्क्रू, दोन-तीन नळ्या, ट्यूबचा तुकडा आणि क्लंक म्हणजे ते धातूचं वजन जे ट्यूबच्या टोकाला लटकतं. बाटली आधी आतून धुवा, प्लास्टिकचे बारीक कण असतात आत आणि ते थेट कार्ब्युरेटरमध्ये जाऊन बसतात. बाटलीच्या तोंडाला मोल्डिंगची रेघ आली असेल तर बारीक पॉलिश पेपरने सपाट करा, नाहीतर स्टॉपर तिथून हवा सोडतो.

स्टॉपरला दोन भोकं आरपार असतात आणि तिसरं अर्धवट. म्हणजे दोन लाइनचा टँक करायचा की तीन लाइनचा ते तुम्ही ठरवायचं. दोन लाइन म्हणजे एक कार्ब्युरेटरला जाणारी आणि एक सायलेन्सरकडून प्रेशर आणणारी व्हेंट. तिसरी असली तर ती फक्त भरायला आणि उपसायला. माझं मत विचाराल तर ट्रेनरला दोनच ठेवा, प्रत्येक जास्तीचा जोड म्हणजे हवा शिरायची एक जास्तीची जागा. तीन लाइन तेव्हा, जेव्हा इंजिन काउलच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) आत असेल आणि कार्ब्युरेटरची ट्यूब काढायला हातच जात नसेल.

नळ्या कापायच्या त्या पक्कडीने नाही. पक्कड नळी चेपटवते. धारदार ब्लेडखाली नळी टेबलावर फिरवत फिरवत चर पाडा आणि मग मोडा, किंवा बारीक करवत वापरा. कापल्यावर टोकाला जी धार राहते ती सगळ्या दुखण्यांचं मूळ आहे, कारण तुम्ही ट्यूब चढवताना ती धार सिलिकॉनला आतून चिरते, बाहेरून काही दिसत नाही, आणि सिलिकॉन एकदा चिरलं की चीर वाढतच जाते. बारीक कानशीने आणि ४०० नंबरच्या पेपरने टोक बाहेरून गोल करा, आतून पण साफ करा, बोटाच्या मऊ भागावर फिरवून बघा, कुठेही खरखरायला नको. मग पाण्याने धुवून कीस काढून टाका.

व्हेंटची नळी टँकच्या आत वरच्या बाजूला वाकवायची. आत एखादी तार घालून अंगठ्यावर हळूहळू वाकवा म्हणजे चेमटत नाही. टोक टँकच्या छतापासून २-३ मिमी खाली राहिलं पाहिजे, छताला टेकलं तर नळी बंद होते आणि फार खाली राहिलं तर टँक पूर्ण भरत नाही. बाटलीला वरच्या बाजूला फुगवटा असतो कधीकधी, तो याच नळीसाठी आहे. दुसरी नळी सरळ आत जाते आणि तिला क्लंकची ट्यूब लागते. तिसरी ठेवलीच असेल तर तिला पण आत ट्यूब आणि दुसरा क्लंक लावतात किंवा ती खाली तळाकडे वाकवतात.

आता क्लंकच्या ट्यूबची लांबी, आणि इथे घाई करू नका, अख्ख्या कामात हेच महत्त्वाचं आहे. विमान उलटं झालं, नाक वर केलं, लूप मारला, कसंही असलं तरी क्लंक फ्युएल जिथे असेल तिथे पडला पाहिजे. म्हणून ट्यूब एवढीच लांब की क्लंक मागच्या भिंतीपासून ५-६ मिमी अलीकडे राहील. भिंतीला घासला तर तो तिथेच अडकतो, किंवा भिंतीला चिकटून त्याचं तोंड बंद होतं. फार आखूड केली तर ट्यूब वाकतच नाही आणि वर टँक रिकामा व्हायच्या आधीच तो हवा ओढायला लागतो. आधी थोडी लांब कापा, लावून बघा, मग २-२ मिमीने कमी करत जा. जोडून झालं की टँक हातात घेऊन सगळीकडे फिरवा, प्रत्येक बाजूला क्लंक खट्टकन पडला पाहिजे. नाक थेट खाली करून हलवलं तर तो वळून पुढे स्टॉपरपाशी यायला नको. लांब टँकमध्ये ट्यूब लांब असल्यामुळे हे होतंच, त्याला उपाय म्हणजे ट्यूबच्या मध्यभागी पितळी नळीचा एक तुकडा घालायचा, दोन्ही टोकांना लवचिक ट्यूब आणि मध्ये कडक, मग ती दुमडत नाही. ट्यूब कडक झाली की क्लंक लोंबकळायचं सोडून एकाच जागी ताठ उभा राहतो, उलटं उडताना तिथे फ्युएल नसतं आणि इंजिन बंद. पीव्हीसी नको म्हणतो ते त्यासाठी.

ट्यूब नळीवर चढवताना फ्युएलच्याच तेलाचा एक थेंब किंवा थुंकी लावा, गोल फिरवत किमान १० मिमी आत सरकवा. नखाने किंवा पक्कडीने ओढू नका.

स्टॉपर बसवला की वर कुठली बाजू ते मार्करने बाटलीवर लिहा, कारण विमानात घातल्यावर कळत नाही. स्क्रू एवढाच आवळा की रबर फुगून तोंडात घट्ट बसेल. जास्त आवळून रबर फाटतं नाहीतर बाटलीच्या गळ्याला तडा जातो.

पाण्यात बुडवून बघा

हे टाळू नका. बादलीत पाणी घ्या, एक लाइन सोडून बाकीच्या बोटाने किंवा स्क्रू घालून बंद करा, उरलेल्या लाइनला सिरिंज लावून हवा भरा आणि टँक पाण्याखाली धरा. हलक्या हाताने, फुगवून फोडायचा नाहीये. स्टॉपरभोवती, नळ्यांच्या मुळाशी, बाटलीच्या जोडाच्या रेषेवर बुडबुडे शोधा. एक जरी सलग येत असेल तर परत उघडा. नंतर टँक आतून पूर्ण वाळवा, मिथेनॉलला तसंही पाणी ओढायची हौस असते, त्यात आणखी भर नको.

ही टेस्ट आतल्या क्लंकच्या ट्यूबला मात्र पकडत नाही, कारण ती आधीच टँकच्या आत आहे. तिच्यासाठी जोडायच्या आधी ट्यूब वेगळी, ताणून, उजेडात धरून बघा आणि एक टोक बंद करून पाण्यात हवा सोडून बघा. चीर गेलेल्या स्ट्रॉने नारळपाणी प्यायला गेलं की तोंडात निम्मी हवाच येते ना, तसंच इंजिनाचं होतं.

विमानात बसवणं

टँक फायरवॉलच्या (इंजिन जिच्यावर बसतं त्या पुढच्या फळीच्या) जितका जवळ तितकं चांगलं. उंचीचा हिशोब असा की टँकची मधली रेघ नीडल व्हॉल्व्हच्या पातळीत किंवा त्याच्या थोडी खाली, ६ ते १० मिमीपर्यंत. टँक फार वर असला तर भरल्या भरल्या फ्युएल आपोआप इंजिनात वाहतं, फार खाली असला तर नाक वर केल्यावर इंजिन लीन होतं (फ्युएल कमी, हवा जास्त). ट्रेनरमध्ये सहसा जागा ठरलेलीच असते, तरी एकदा पट्टी लावून बघा.

टँकभोवती मऊ फोम गुंडाळा, लाकडाला थेट टेकू देऊ नका. इंजिनाच्या थरथराटाने फ्युएलला फेस येतो आणि फेस म्हणजे परत हवाच. फोम कोंबून कोंबून दाबायचा पण नाही, दाबला की तो थरथर तशीच पुढे पोचवतो.

फायरवॉलच्या भोकातून ट्यूब बाहेर काढताना भोकाची कड घासते, तिथे जाड ट्यूबचा किंवा रबराचा एक गोल तुकडा घाला. कुठली लाइन कार्ब्युरेटरची आणि कुठली प्रेशरची ते आत्ताच खूण करून ठेवा, किंवा सरळ दोन रंगांच्या ट्यूब वापरा, रंगाचा उपयोग झालाच तर इथे होतो. दोन लाइन उलट्या लागल्या तर इंजिन चालू होईल पण व्हेंटमधून ओढेल, थोडा वेळ छान चालेल आणि टँक जरा उतरला की बंद.

बाहेरची ट्यूब शक्य तेवढी आखूड पण ताणलेली नाही, एक हलकं वळण राहू द्या. सायलेन्सरला आणि सिलिंडरच्या फिन्सना टेकू देऊ नका. प्रेशर लाइन सायलेन्सरच्या निपलवर जिथे चढते तो शेवटचा इंचभर तुकडा गरमीने भाजतो, तो अधूनमधून कापून टाका आणि परत चढवा. सायलेन्सरचा तो निपल स्वतः ढिला झालेला असतो बऱ्याच वेळा, तो पण आवळा.

फिल्टर कुठे लावायचा यावर मैदानावर दोन तट आहेत. काहीजण कार्ब्युरेटरच्या लाइनमध्येच लावतात. मी म्हणेन फिल्टर भरायच्या पंपाच्या ट्यूबला लावा, म्हणजे कचरा टँकमध्ये जाणारच नाही, आणि विमानातला फिल्टर हा अजून दोन जोड आणि एक स्क्रूची चकती घेऊन येतो जी कधीतरी ढिली होते.

भरताना

दोन लाइनचा टँक भरताना कार्ब्युरेटरवरची ट्यूब काढा, तिच्यातून भरा, आणि प्रेशरची ट्यूब सायलेन्सरवरून काढून बाटलीत सोडा. तिच्यातून फ्युएल बाहेर आलं की टँक भरला. कार्ब्युरेटरची ट्यूब तशीच ठेवून दुसरीकडून पंप मारला तर फ्युएल इंजिनात भरतं, पिस्टनवर फ्युएल साचलेलं असताना स्टार्टर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्रेशर लाइन न काढता भरलं तर जास्तीचं सगळं सायलेन्सरमध्ये. उडवून झालं की टँक पूर्ण उपसून घरी जायचं, फ्युएल आत ठेवून नाही.

पेट्रोलवाल्यांनो

तुमच्याकडे नुसती ट्यूबच नाही तर स्टॉपर पण पेट्रोलचा लागतो, ग्लोचा स्टॉपर पेट्रोलमध्ये फुगतो. पिवळी टायगॉन बाहेर ठीक आहे, पण ती पण हळूहळू कडक होते, म्हणून टँकच्या आत क्लंकला बरेचजण व्हायटॉन वापरतात आणि पिवळी आत वापरलीच तर दर सीझनला बदलतात. पेट्रोलमध्ये ट्यूब नळीवरून घसरते, त्यामुळे प्रत्येक नळीच्या टोकाला बारीक तारेचं कडं सोल्डर करा आणि त्यामागे झिप टाय किंवा स्प्रिंग क्लिप लावा, आतल्या जोडांना सुद्धा. क्लंक फेल्टवाला घेतलात तर बुडबुडे कमी जातात आणि कचरा पण अडतो.

पेट्रोल इंजिनच्या वॉल्ब्रो टाइप कार्ब्युरेटरमध्ये स्वतःचा डायफ्रॅम पंप असतो, त्याला सायलेन्सरचं प्रेशर नको, व्हेंट सरळ विमानाच्या पोटाखाली उघडी सोडतात. फक्त ती लाइन टँकवरून एक वळसा घालून मग खाली न्या, नाहीतर विमान कलतं उभं केलं की गाडीच्या डिकीत पेट्रोल ठिबकतं. आपल्याकडे आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, तेव्हा दोन आठवडे टँकमध्ये ठेवून परत तेच उडवायचं असं करू नका.

काय झालं की काय बघायचं

टँक भरलेला असताना इंजिन सुरेख, अर्धा झाला की लीन होऊन घरघरतं: आतल्या क्लंकच्या ट्यूबला भोक, बहुतेक पुढच्या टोकाला नळीजवळ, फ्युएलची पातळी खाली गेली की ते भोक उघडं पडतं. नीडलला काहीच उत्तर देत नाही, कितीही फिरवा: हवा येतेय कुठून तरी, नीडल सोडा. जमिनीवर ठीक पण नाक वर करून फुल थ्रॉटल दिला की मरतं: प्रेशर लाइन, सायलेन्सरचा निपल, टँकची उंची, याच क्रमाने बघा. जोरात लँडिंग झालं, नाक आपटलं आणि त्यानंतर इंजिन बिघडलं: क्लंक दुमडून पुढे येऊन अडकलाय, टँक काढून हलवा.

बुडबुडे दिसायला कार्ब्युरेटरची ट्यूब पारदर्शक ठेवा. कोणाला तरी विमान घट्ट धरायला सांगा, तुम्ही प्रोपेलरच्या मागे राहा, इंजिन फुल करून ट्यूबकडे बघा. एखादा बुडबुडा गेला तर जाऊ द्या. सलग माळ येत असेल तर टँक विमानाबाहेर काढून हातात धरून परत चालवा. माळ थांबली तर फेस होता, फोम नीट करा, आणि तशीच राहिली तर कुठेतरी चीर आहे.

ट्यूब बदलायची ती बिघडल्यावर नाही. आतली क्लंकची ट्यूब वर्षातून एकदा आणि प्रत्येक आपटीनंतर तपासून, बाहेरची कडक किंवा पिवळट वाटली की लगेच. फ्लाइट बॉक्समध्ये फूटभर मीडियम ट्यूब, एक जादा क्लंक, एक स्टॉपर, चार झिप टाय आणि ब्लेड ठेवा. शेजारच्याचं इंजिन बंद पडलं की तोच तुमच्याकडे मागायला येतो, म्हणून फूटभर नाही, दोन फूट ठेवा.